कार्ट्रिजचं खोकं चुलीत गेलं, आता कार्ट्रिज कुठं पाठवू?

सेतूवाला_दारव्हा | 9 मे, रात्री 9:52

राम राम मंडळी. प्रश्न किरकोळ आहे, पण दीड वर्षापासून टेबलाखाली पाय ठेवायला जागा नाही म्हणून विचारतो.

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, जे येईल ते. 2024 च्या जुलैत एका बाजूनं एक रुपयाचा पीकविमा आणि दुसऱ्या बाजूनं लाडकी बहीण असं दोन्ही एकदम अंगावर आलं. तेव्हा प्रिंटर रात्री अकरापर्यंत थंड होत नव्हता. त्या हंगामापासूनची रिकामी कार्ट्रिज युरियाच्या एका चुंगडीत भरून ठेवली आहेत. आज मोजली. लेझरची 12ए जातीची 14, आणि जुन्या इंकजेटची बारकी 20-22.

मूळ खोकी नाहीत. आमच्या घरी चांगलं खोकं दिसलं की ते हातोहात जाते. एकात आईनं तुरीचं बियाणं ठेवलं, दोन पोरीनं नेले, बाकीचे चूल पेटवायला गेले.

एका कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला (नाव घेत नाही). वीस मिनिटं गाणं ऐकवलं आणि बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "सर, ओरिजिनल पॅकेजिंग आहे का?" नाही म्हटलं. "तुमची विनंती नोंदवून घेतली आहे." ती अजून नोंदवलेलीच आहे.

गावात येणारा भंगारवाला 10 रुपये नग म्हणतो. मागच्या आठवड्यात मोटरसायकलवर दुसराच एक जण आला. म्हणे खोक्यासकट असतील तर 150 देतो, नुसती असतील तर 20. आता मले कोणी समजावून सांगा, रिकामं कार्ट्रिज आणि रिकामं खोकं, दोन रिकाम्या वस्तू एका जागी आल्या तर त्याईची किंमत 150 कशी होते?

बाबा म्हणतात धुऱ्यावर गड्डा कर आन् पुरून टाक.

तर मूळ खोक्याशिवाय ही रिसायकलिंगला जातात का? जात असतील तर बांधायची कशात आणि द्यायची कोणाले?

---

वऱ्हाडी_ठेचा | 9 मे, रात्री 10:05

पुरून टाक भाऊ. पाणी चांगलं झालं तर दिवाळीले झेरॉक्स मशीन उगवते.

---

आर्वीकर | 9 मे, रात्री 10:11

उगवली तरी बोंडअळी खाईल.

(धागा चांगला आहे. माझ्याकडे पण 5 पडून आहेत. वाचतो.)

---

पुण्यातला_वैदर्भीय | 9 मे, रात्री 10:40

यात एवढं अवघड काय आहे ते कळलं नाही. आमच्या सोसायटीत दर दोन-तीन महिन्यांनी ई-कचरा संकलनाची गाडी येते, आम्ही पिशवीत घालून देतो. खोकंबिकं कोणी विचारत नाही. तुमच्या तालुक्यात अशी मोहीम असेलच, नगर परिषदेत चौकशी करा.

---

सेतूवाला_दारव्हा | 9 मे, रात्री 10:48

@पुण्यातला_वैदर्भीय दादा, आमच्या गावात दर दोन-तीन महिन्यांनी लाइट येते.

---

कुसुमताई_लाखनी | 10 मे, सकाळी 7:20

मी ग्रामपंचायतीत संगणकाचं काम पाहते. आमच्याकडे आधी एक मुलगा होता, त्यानं अशीच सात-आठ कार्ट्रिज पंचायतीच्या मागं कचऱ्यात टाकून पेटवून दिली होती. धूर असा काळा आणि चिकट की शेजारच्या घरचे वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागले. दोन दिवस वास गेला नाही. तेव्हापासून आमचे सरपंच कार्ट्रिज हा शब्द ऐकला की खुर्ची मागं सरकवतात.

आणि दुसरं माझं स्वतःचं. एकदा कार्ट्रिज हातात उलटं झालं आणि सगळी पावडर पदरावर. मी आपली हुशारी करून गरम पाण्यात निरमा टाकून साडी भिजवली. ती पावडर सुताला अशी धरून बसली की ती साडी आता पायपुसणं आहे. कोणी सांगितलं असतं आधी तर बरं झालं असतं.

---

टोनरबाबा_अकोट | 10 मे, सकाळी 11:32

कुसुमताई, गरम पाणी हाच घोटाळा. ती शाई नसते, बारीक प्लास्टिक असते, टोनर म्हणतात तिले. प्रिंटरात गरम रोलर असतो, तो ती पावडर वितळवून कागदाले चिकटवते. तुम्ही बादलीत तेच काम केलं. कपड्यावर सांडली तर कोरडी झटकायची, बाहेर जाऊन, वाऱ्याकडे पाठ करून. मग थंड पाणी. हाताले लागली तरी थंडच पाणी.

आता सेतूवाल्या भाऊ, तुह्या 150 रुपयाच्या गोठीवर येतो. मी 16 वर्षांपासून रिफिलचं काम करतो, अकोट-तेल्हारा पट्ट्यात, म्हणून सांगतो. त्या मोटरसायकलवाल्याले कार्ट्रिज पायजेच नव्हतं, त्याले खोकं पायजे होतं. मूळ खोकं, आतली काळी पिशवी, वरचं स्टिकर चांगलं असलं की त्यात स्वस्तातली पावडर भरलेलं जुनं कार्ट्रिज बसवतात, वरून सील मारतात आन् नवं म्हणून विकतात. घेणारा कोण? तुह्यासारखाच सेतूवाला, नाहीतर शाळा, नाहीतर एखादं कार्यालय. नव्याचा भाव देऊन जुनं घेते, 2000 पानं निघायची तं 600 वर फिकं पडते, आन् शिव्या प्रिंटरले.

म्हणून खोकं चुलीत गेलं त्याचं दुःख करू नको. उलटं मी तं गिऱ्हाइकाले सांगतो, नवं आणलं की खोकं फाडून टाका, स्टिकरवर चिरा मारा.

रिसायकलिंगले खोकं लागत नाही. मॉडेल नंबर कार्ट्रिजच्या अंगावरच लिहिला असते. कंपनीवाले खोकं विचारतात ते वाटेत फुटू नये म्हणून. साच्यात बसलेलं असलं की हालत नाही, पावडर सांडत नाही. तेवढं काम तू घरी करू शकतो. असं कर:

कार्ट्रिज हलवायचं नाही, आपटून "थोडी बाकी हाये का" पाह्यचं नाही, आन् फुंकर तं अजिबात मारायची नाही. रिकामं म्हणता तं ते पूर्ण रिकामं नसतेच. वापरलेल्या पावडरचा एक कप्पा आतमध्ये भरून बसला असते, वेस्ट म्हणतो आम्ही त्याले. रिकाम्या कार्ट्रिजमधून सांडते ती हीच. तोंडाले रुमाल बांध. एकेक कार्ट्रिज एकेका पॉलिथिनमध्ये टाक, हवा काढून चिकटपट्टी मार. वरून पेपरचे दोन वेढे. मग कोणतंही जाड खोकं, पंख्याचं, बिस्किटाचं, काहीही. आडवी ठेव, मधल्या फटीत पेपरचे बोळे कोंब. खोकं हलवलं तं आतून आवाज नाही आला पायजे, एवढीच परीक्षा.

उजेडाची काळजी रिसायकलिंगले नाही. हिरवा-निळा ड्रम दिसते तो उजेडानं खराब होते हे खरं, पण तो भंगारातच जाणार हाये तं होऊ दे. रिफिल करायचं असलं तरच काळ्या पिशवीत ठेवायचं.

बारकी इंकजेटची वेगळी बांध. त्याईच्या खालच्या बाजूले शाई निघते त्या बारीक छिद्राईवर सेलोटेप मार, नाहीतर उरलीसुरली शाई पाझरून सगळं रंगवते.

---

वऱ्हाडी_ठेचा | 10 मे, दुपारी 12:01

बाबा, एवढं तं माह्या लग्नाच्या आहेराले नव्हतं बांधलं.

---

मूलचा_मास्तर | 10 मे, दुपारी 1:15

टोनरबाबांच्या माहितीत एक भर. 12ए सारख्या कार्ट्रिजमधल्या काळ्या पावडरमध्ये लोहाचं ऑक्साइड असतं, म्हणून ती चुंबकाला चिकटते. मी आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चुंबकाच्या बलरेषा दाखवायला लोखंडाच्या किसाऐवजी ही पावडर वापरली. किसापेक्षा कितीतरी सुरेख रेषा उमटतात. सहावीची पोरं वेडी झाली. रिसायकलिंगचा हा पण एक प्रकार नाही का?

---

टोनरबाबा_अकोट | 10 मे, दुपारी 1:22

गुरुजी, हात जोडतो. उघड्यावर करू नका. ती पावडर डोळ्याले दिसते त्याच्यापेक्षा बारीक असते, 5 ते 10 मायक्रॉन. कागदावर पसरली की अर्धी लेकराईच्या नाकात. माह्या छातीचा एक्सरे पाह्यला तं डॉक्टर पहिले विचारते, "बिडी किती?" मी आयुष्यात बिडी ओढली नाही.

---

मूलचा_मास्तर | 10 मे, दुपारी 2:40

मान्य. पुढच्या वेळी पारदर्शक बाटलीत झाकण पक्कं करून दाखवीन, चुंबक बाहेरून फिरवायचा. सांगितलं ते बरं केलं.

---

आर्वीकर | 10 मे, सायंकाळी 6:30

पण मूळ मुद्दा सोडून आपण बांधाबांधीवर आलो. कार्ट्रिज फेकायचंच कशाला? 12ए तीन-चार वेळा आरामात रिफिल होतं. 300 रुपयांत काम होते. भरून पुन्हा वापरणं हेच खरं रिसायकलिंग. वितळवणं नंतर.

---

नागपुरी_तर्री | 10 मे, सायंकाळी 6:52

असहमत. रिफिलनं माझा प्रिंटर दोनदा आतून काळा झाला. एका दुकानदारानं ड्रम पुसणारं ब्लेड न बदलता नुसतं छिद्र पाडून पावडर ओतली होती. प्रत्येक पानावर उभी रेघ. लोक सातबारा परत आणून द्यायचे, "साहेब म्हणते माह्या वावरातून रस्ता काऊन गेला?" शेवटी नवीन घेतलं.

---

टोनरबाबा_अकोट | 10 मे, रात्री 8:10

दोघंही बरोबर. छिद्र पाडून ओतणारा तो रिफिलवाला नाही, तो नुसतं काम उरकणारा. नीट करायचं तं कार्ट्रिज उघडा, वेस्टचा कप्पा रिकामा करा, ड्रम पाहा, वायपर ब्लेड पाहा, चार्ज रोलर पुसा, मग भरा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ड्रम नवा लागतेच. माह्या हातून तीनदा झालेलं कार्ट्रिज मी चवथ्यांदा भरत नाही, गिऱ्हाइकाले परत देतो. म्हणजे शेवटी ते भाऊच्या चुंगडीतच येते. आर्वीकर, रिफिलनं कचरा लांबते. संपत नाही.

आन् खरं सांगू? माह्या दुकानात वेस्ट पावडरच्या दोन बरण्या भरल्या आहेत. मले बी कोणी सांगा कुठं द्यायची.

---

सेतूवाला_दारव्हा | 10 मे, रात्री 9:05

बाबा, हे ऐकून बरं वाटलं की वाईट ते समजून नाही राह्यलं. गुरूच चेल्याले रस्ता विचारून राह्यला.

14 पैकी 5 मूळ कंपनीची आहेत, 9 दुसऱ्या नावाची, कंपॅटिबल म्हणतात ती. हा फरक पडतो का?

---

वकील_हिंगणघाट | 11 मे, सकाळी 9:44

फरक पडतो. कंपन्यांच्या परतीच्या योजना जुन्या आहेत. कॅननची टोनर कार्ट्रिज परत घ्यायची योजना 1990 पासून आहे, एचपीची प्लॅनेट पार्टनर्स 1991 पासून. पण एचपीची योजना फक्त मूळ एचपी कार्ट्रिजसाठी आहे, दुसऱ्या नावाची त्यात बसत नाहीत. म्हणजे तुमची नऊ तिथं जाणार नाहीत, खोकं असो वा नसो.

आता कायद्याचं. देशात सध्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम 2022 लागू आहेत, 1 एप्रिल 2023 पासून. त्याच्या अनुसूचीत प्रिंटर "कार्ट्रिजसह" असं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे रिकामं कार्ट्रिज हा साधा प्लास्टिकचा कचरा नाही, ई-कचरा आहे, आणि तो नोंदणीकृत रिसायकलरकडेच गेला पाहिजे. ती जबाबदारी मुख्यतः उत्पादकाची. तुम्ही "बल्क कन्झ्युमर" म्हणजे मोठे ग्राहक नाही, त्याला वर्षात 1000 उपकरणं लागतात. त्यामुळे मोठ्या ग्राहकांवरच्या बंधनांचं लचांड तुमच्यामागे नाही.

मग उत्पादक कार्ट्रिज घ्यायला धावत का येत नाहीत? त्याचं उत्तर नियमातच आहे. रिसायकलरला जी प्रमाणपत्रं मिळतात, जी उत्पादकांना विकून तो पैसे कमावतो, ती चार धातूंवर मिळतात: सोनं, तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड. कार्ट्रिज म्हणजे बहुतेक प्लास्टिक. ड्रमची ॲल्युमिनियमची नळी, दोन-चार स्टीलच्या पट्ट्या, स्प्रिंगा. सोनं तर जवळपास नाहीच. म्हणून मदरबोर्ड म्हटलं की गाडी येते आणि कार्ट्रिज म्हटलं की "विनंती नोंदवून घेतली आहे".

---

धुऱ्यावरचा | 11 मे, सकाळी 10:02

म्हणजे कापसासारखंच. सरकीचा भाव ठरला असला की कापूस कोण उचलते.

---

वकील_हिंगणघाट | 11 मे, सकाळी 10:09

उपमा उलटी आहे, पण भावना पोहोचली.

---

आरमोरीची_मुलगी | 11 मे, दुपारी 3:30

इथं सगळे दारव्हा, आर्वी, अकोट. आमच्या गडचिरोलीकडून नागपूर पण दीडशे किलोमीटर. पाच कार्ट्रिजसाठी कोण जाणार? पोस्टात नेलं तर तिथल्या काकांनी विचारलं आत काय. मी खरं सांगितलं, काळी पावडर. झालं. "पावडर" ऐकल्यावर त्यांनी पार्सल माझ्याकडे असं सरकवलं जसं त्यात साप आहे. गळकं, घाण करणारं काही घेत नाही म्हणाले. त्यांचं पण चूक नाही, आमच्याकडे पावडर या शब्दाला वेगळे अर्थ आहेत.

उन्हाचं पण सांगते. आमच्या केंद्रावर टिनाचं छप्पर आहे. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा 46-47 ला जातो, टिनाखाली किती होत असेल ते सोडाच. मागच्या वर्षी न वापरलेल्या एका कार्ट्रिजमधली पावडर गोळे होऊन बसली आणि इंकजेटची दोन तर न वापरताच वाळली. मग ती "वापरलेली" धरायची की नाही?

---

नागपुरी_तर्री | 11 मे, दुपारी 4:15

उन्हानं वापरली.

---

कुसुमताई_लाखनी | 11 मे, सायंकाळी 5:50

आम्ही त्या जाळण्याच्या प्रकारानंतर काय केलं ते सांगायचं राहिलं. पंचायत समितीत महिन्याची बैठक असते, सगळ्या गावांचे संगणकवाले येतात. मी एकदा म्हटलं, ज्यांच्याकडे रिकामी कार्ट्रिज असतील ती पिशवीत बांधून घेऊन या, एका खोलीत ठेवू. तीन बैठकांत 60 च्या वर जमली. एकट्याची पाच कोणी घेत नाही, पण साठ म्हटलं की समोरचा वजन विचारतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर अधिकृत रिसायकलरची यादी आहे, त्यातल्या नागपूरकडच्या एकाला फोन केला. तो म्हणाला गाडी पाठवत नाही, आणून दिली तर घेतो, पैसे मिळणार नाहीत. आमच्या इथून धान घेऊन जाणारी गाडी परत येताना रिकामीच असते, पण जाताना जागा नसते. शेवटी एका शिक्षकांच्या मुलाला नागपूरला हॉस्टेलवर सोडायचं होतं, त्यांच्या गाडीच्या डिकीत गेली.

खोकं त्यांनी विचारलं नाही. पावडर सुटी आहे का एवढंच विचारलं.

---

सेतूवाला_दारव्हा | 11 मे, सायंकाळी 6:20

ताई, हे आधी सांगायचं ना! मी इथं तीन दिवसांपासून चुंगडीले लाथा मारून राह्यलो.

---

आर्वीकर | 11 मे, सायंकाळी 6:44

एक प्रश्न सगळ्यांनाच. पुढचा प्रिंटर घ्यायचा तर शाईच्या टाकीचा घ्यावा का? कार्ट्रिजच नाही, बाटलीनं शाई भरायची. बाटली म्हणजे साधं प्लास्टिक.

---

टोनरबाबा_अकोट | 11 मे, रात्री 9:30

माह्या पोटावर पाय देऊन राह्यला, तरी खरं सांगतो. ज्याच्याकडे रोज प्रिंट निघते त्यानं खुशाल घ्या, पानाचा खर्च कमी पडते. पण आठ-आठ दिवस बंद राह्यला तं आपल्या उन्हात हेड, म्हणजे शाई सोडते ते तोंड, वाळते. मग तो "हेड क्लीनिंग" करत बसते आन् ती सगळी शाई आतल्या स्पंजात जाते. तो स्पंज भरला की प्रिंटर लाल दिवे लावून उभा. म्हणजे कचरा नाही असं नाही, आतमध्ये जमा होते, दिसत नाही एवढंच. आन् सेतूवाल्याले सांगतो, त्यातल्या बऱ्याच शायांच्या कागदावर पाण्याचा थेंब पडला की दाखला पसरते. पावसाळ्यात लोक दाखला छत्रीखाली नाही, खिशात नेतात. लेझरच ठेव.

---

सेतूवाला_दारव्हा | 24 मे, रात्री 10:15

धागा वर आणतो, कारण काम झालं.

कुसुमताईंचं ऐकून आमच्या तालुक्यातल्या सेवा केंद्रवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं. पहिल्या दिवशी नुसते अंगठे आले. मग मी त्या मोटरसायकलवाल्याची गोष्ट टाकली, खोक्यासकट 150 ची. ताबडतोब चार जण बोलले, त्याईनं आधीच विकली होती. त्यातल्या एकानं दोन महिन्यांनी "नवीन" घेतलं ते पहिल्या दिवसापासून फिकं. त्याले वाटून राह्यलं होतं प्रिंटर गेला. कदाचित त्याचंच कार्ट्रिज फिरून त्याच्याकडे आलं असंल.

41 लेझर जमली. बाबांच्या पद्धतीनं बांधली. किराणा दुकानातल्या काट्यावर नुसती माझी 14 नऊ किलोच्या आसपास भरली. बारकी वेगळ्या खोक्यात, टेप लावून. पंख्याची दोन खोकी आणि एक बिस्किटाचं. एसटीच्या पार्सलले टाकायचा विचार होता, पण एकाच्या मेव्हण्याची बोलेरो नागपूरले दवाखान्यात चालली होती, तिच्यातच गेली. मी पण सोबत गेलो. यादीतल्या रिसायकलरच्या फाटकावर माणसानं एकच खोकं उघडलं, एक पुडी दाबून पाहिली, वजन केलं, पावती दिली. मूळ पॅकेजिंगचा म पण काढला नाही. मीच न राहवून विचारलं, "साहेब, ओरिजिनल खोकं नव्हतं, चालते ना?" तर म्हणे, "खोकं आम्हाला काय करायचं? ते तर आम्ही पहिल्यांदा फाडतो."

टोनरबाबा, तुमच्या बरण्यांचं विचारलं. घट्ट झाकणात, वर चिठ्ठी लावून, सुटी न सांडता आणली तर घेतो म्हणाले. पण आधी फोन करून या, अचानक नाही.

एक पैसा मिळाला नाही. उलट 120 रुपये पोहे आणि चहाले गेले.

---

नागपुरी_तर्री | 24 मे, रात्री 10:22

120? तर्री दोनदा घेतली असशील.

---

आरमोरीची_मुलगी | 24 मे, रात्री 10:40

जूनमध्ये आमच्याकडून कोणी नागपूरला गाडीनं जाणार असेल तर मला कळवा. पाच होती, आता उन्हात वाळलेली धरून नऊ झाली आहेत. बांधून तयार आहेत.

---

सेतूवाला_दारव्हा | 24 मे, रात्री 10:51

@आरमोरीची_मुलगी वडसा-ब्रह्मपुरीकडच्या केंद्रवाल्यांचा गट असंल, तिथं मोटरसायकलवाल्याची गोष्ट टाक. अंगठ्यापेक्षा ती चालते.

आणि बाबा विचारून राह्यले, युरियाची चुंगडी परत आणली का नाही. नागपूरलेच राहिली.